साडेबाराची गाडी

आमच्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या. ते शहर बससेवेत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं, गाडी आली की मनगटावर बघायचं आणि तक्त्यात आकडा टाकायचा, एवढंच ते काम. उशीर झालेला ड्रायव्हर खिडकीशी येऊन कारण सांगायचा. रेल्वेचं फाटक, लग्नाची वरात, म्हशी, पंक्चर. बाबा सगळं ऐकून घेत आणि शेऱ्याच्या रकान्यात दोहोंपैकी एक गोष्ट लिहीत: ‘चालकाची चूक’ किंवा ‘चालकाची चूक नाही’. अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आलो, यात चूक कुणाची होती हे मात्र त्यांनी कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

कारण मी ‘निघालोच’ या जातीचा. ‘निघालोच’ म्हणालो की समजावं, अजून अंघोळ व्हायची आहे. ‘पोचतोय’ म्हणालो की चप्पल शोधतोय. मी खोटं बोलतो असं मला कधी वाटायचं नाही, हे विशेष. बोलताना मला खरंच डोळ्यांसमोर मी निघालेला दिसायचो. ‘हो’ म्हणणं हा मला चहासारखा प्रकार वाटे. आल्यागेल्याला द्यायचा, त्यात कसला विचार करायचा? आई म्हणायची, “आमच्या मिलूचा स्वभाव गोड आहे.” बाबा काही म्हणायचे नाहीत. ते घड्याळाकडे बघायचे.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी डेपोत शाल-नारळाचा कार्यक्रम होता. मीच आदल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, “बाबा, उद्या तुम्ही बसने यायचं नाही. मी स्कूटर घेऊन येतो. पाचला गेटवर.” पाचला मी मित्राच्या घरी कॅरम खेळत होतो. राणी माझ्या टप्प्यात होती, एवढंच मला माझ्या बाजूने सांगता येईल. साडेसहाला घरी आलो तेव्हा बाबा आलेले होते. नेहमीच्याच बसने, उभ्याने, हातात नारळ घेऊन. गेटवर पाऊण तास थांबले होते म्हणे, आणि ज्या ड्रायव्हरांच्या वेळा त्यांनी जन्मभर लिहिल्या ते एकेक जण गाडी हळू करून विचारत होते, “काय साहेब, कुणाची वाट बघताय?” मी म्हणालो, “पंक्चर झालं होतं.” बाबा उठले, गॅलरीत गेले, खाली लावलेल्या स्कूटरची दोन्ही चाकं नीट बघितली आणि आत येऊन आईला म्हणाले, “चहा टाक.” त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी शिकायला एनस्खेडे या डच शहरात आलो. तिथे ट्रूस नावाच्या बाईंच्या घरात मला माडीवरची खोली मिळाली. ट्रूस सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, उंच, एकट्या. घर इतकं शांत की खालच्या कॉफीच्या यंत्राने शेवटचा घोट गिळला तरी मला वर ऐकू यायचं. खोली उबदार ठेवणारा रेडिएटर गरम होताना दोनदा टकटक करायचा, आणि पहिल्या आठवड्यात दोन्ही वेळा मी “कम इन” म्हणालो. संडासात भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर सगळ्या नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे वाढदिवस लिहिलेले. ही इकडची पद्धत. बसल्या जागी कुणाचा वाढदिवस चुकायला नको. मी तिथे बसून डच माणसांची नावं पाठ केली. माझ्या वाढदिवसाचा चौकोन कोरा होता, तोही रोज बघितला.

स्वयंपाकघर वापरायची परवानगी होती, पण हिंगाची नव्हती. ट्रूसने डबी उघडून वास घेतला, शांतपणे झाकण लावलं आणि ती बागेतल्या सायकलींच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. फेकली नाही, रागावली नाही, फक्त म्हणाली, “हे इथे राहील.” त्यामुळे वरणाला फोडणी द्यायची म्हणजे मोहरी तडतडली की गॅस बारीक करून पावसातून शेडपर्यंत पळायचं, चिमूटभर हिंग मुठीत धरून परत यायचं. बहुतेक वेळा मोहरी जळलेली असायची. आजही हिंगाचा वास आला की मला आधी सायकलच्या चेनचं ग्रीस आठवतं.

मंगळवारी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचा असे. पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, “मी नेईन.” नेला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा म्हणालो, पुन्हा राहिला. ट्रूसने मला टेबलाशी बसवलं, कॉफी दिली आणि इंग्रजीत, एकेक शब्द निवडत म्हणाली, “मिलिंद, तू ‘नाही’ म्हणालास तर माझी काहीच अडचण नाही. मी स्वतः नेते. पण तू ‘हो’ म्हणतोस आणि डबा तिथेच. मग तुझ्या त्या ‘हो’चं मी काय करू? कुठे ठेवू?” मी हसून वेळ मारून नेली. मनात म्हटलं, काय रूक्ष बाई आहे. वर खोलीत गेल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की बाबांनी जे शब्द कधी उच्चारले नाहीत ते हेच होते, आणि ते ऐकायला मला विमानाने इतक्या लांब यावं लागलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं होतं, तपासणी केली तर तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले, बायपास करून घ्या, वर्ष संपायच्या आत. बाबा नाही म्हणाले. “घाबरले का?” मी विचारलं. “ते कसले घाबरतात,” आई म्हणाली, “म्हणतात, मी आत टेबलावर आणि तू बाहेर बाकावर एकटी, हे मला चालायचं नाही. त्यांचंही खरंय, मिलू, तुझी मावशी गुडघ्याने अंथरुणाला खिळलेली, बाकी आपलं आहे कोण?” मी लगेच म्हणालो, “फोन दे त्यांना. मी येतो ना!” बाबा फोनवर आले. तासभर पुरेल एवढं सांगायला माझ्याकडे होतं. वैद्यकशास्त्र, आकडेवारी, आईचं वय, माझं प्रेम. सगळं बोललो.  मग बाबा म्हणाले, “तू येणार?” “हो, नाताळच्या सुट्टीत. नक्की येतो.” “बरं,” ते म्हणाले, “आणि टायर पंक्चर झालं तर?” आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

मी बराच वेळ खिडकीत बसून राहिलो. वादविवाद स्पर्धांची चार बक्षिसं घेतलेला माणूस मी; पण ज्याला पटवायचं त्याने माझे शब्द आधीच तपासून ठेवले होते आणि दोन्ही चाकांत हवा होती. मला कळलं की आता माझ्या बोलण्याचा उपयोग नाही. काहीतरी करून दाखवायला हवं, आणि तेही एनस्खेडेत बसून. करण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. मी आईला सांगितलं, “दर रविवारी साडेबाराला फोन करीन. तुमच्या साडेबाराला. बाबांना सांग.” “दुपारी त्यांची जेवायची वेळ असते रे.” “त्याच्या आधी करीन. बरोब्बर साडेबारा.” ते म्हणजे इकडचे सकाळचे नऊ.

ऐकायला किती सोपं वाटतं! रविवारी सकाळी नऊ. पण सगळं विद्यार्थीजीवन शनिवारी रात्री घडत असतं. सलील म्हणून माझा एक सोलापूरचा मित्र होता. तो म्हणायचा, “अबे, उद्या पहाटे बेल्जियमला निघालोय, पाच जणांत एक जागा रिकामी आहे, चल की!” मी म्हणायचो, “नाही जमणार, फोन आहे.” “गाडीतून कर की फोन.” “रेंज गेली तर?” “मग तुझा बाप काय फाशी देणार आहे का?” असं दोन-तीनदा झालं आणि मग त्याने विचारायचं सोडलं. शिस्तीबद्दल लोक बरंच बोलतात, पण ती पाळायला लागल्यावर माणूस किती एकटा पडतो ते कुणी सांगत नाही. ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाला मित्र भरपूर असतात. ‘नाही’ म्हणायला लागलो तशी खोलीतली टकटक फक्त रेडिएटरची राहिली. शनिवारी दुपारी बाजारातून भेंडी-मिरच्या आणल्या की रविवारपर्यंत मी एक शब्दही बोललेलो नसे. म्हणून नवाला दहा कमी असताना आरशासमोर उभा राहून “हॅलो बाबा” असं दोनदा म्हणून घ्यायचो. आवाज निघतोय ना, ते बघायला.

फोन तरी काय असायचा! “काय, कसा आहेस?” “बरा आहे.” “जेवतोस?” “जेवतो.” “थंडी?” “आहे.” “बरं. ठेवतो.” दोन मिनिटं. ऑपरेशनचा विषय मी काढत नसे, तेही काढत नसत. पण चौथ्या रविवारी आई आवाज बारीक करून म्हणाली, “तुला सांगू का, ते लिहितात.” “काय लिहितात?” “भिंतीवरच्या कॅलेंडरवर. रविवारच्या चौकोनात. साडेबारा, साडेबारा, बारा एकतीस, साडेबारा. मी म्हटलं जेवायला वाढू का, तर म्हणतात, थांब, गाडी येऊ दे.” बारा एकतीसच्या त्या एका मिनिटाचं मला आठवडाभर वाईट वाटलं. मंगळवारचा डबाही मी आता सोमवारी संध्याकाळीच नेऊन ठेवू लागलो होतो.  कौतुक ही त्या घरात हिंगासारखी गोष्ट होती. होती, पण बाहेर शेडमध्ये.

असे सात रविवार झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी अभ्यास करत बसलो होतो, तेव्हा ट्रूसने खालून हाक मारली. तिला स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ काढायचं होतं आणि स्टूल डगमगत होतं. मी स्टूल धरून उभा राहिलो. ती वर चढली, घड्याळ उतरवलं, मागची किल्ली फिरवली, पुन्हा लावलं आणि वरूनच काहीतरी डचमध्ये बोलली. मी म्हणालो, “या, या,” म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हो, हो’. ती इंग्रजीत पुन्हा बोलली. मी पुन्हा “या, या” म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा एक समीकरण होतं आणि ट्रूसच्या लोकरी मोज्यांना पडलेलं भोक होतं. मला वाटलं, घड्याळ बिघडलंय, दुरुस्त करते आहे. मी माझ्या हाताने स्टूल उचलून जागेवर ठेवलं, हेही लिहून ठेवतो.

रविवारी मोबाईलच्या गजराने उठलो. आरशासमोर “हॅलो बाबा” झालं. घड्याळात नऊ पडले आणि मी फोन लावला. पहिली रिंग संपायच्या आत आईने उचलला. “अरे, कुठे होतास? बरा आहेस ना?” “का? काय झालं?” “दीड वाजलाय, मिलू!” मी म्हणालो, “काहीतरीच काय, साडेबारा.” “अरे, इथे आमटीवर साय धरली. ते तसेच बसलेत खुर्चीत. गोळी घेऊन बसलेत, जेवण नाही.” तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. मी खिडकीतून चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं. तिथेही नऊ. आणि तेव्हा स्टूल, किल्ली, मोजे, वरून आलेलं ते वाक्य, सगळं एकदम कानात शिरलं. “बाबा,” मी म्हणालो, “इकडे आज घड्याळं बदलली. हिवाळ्यात एक तास मागे करतात.” “कुणाचं घड्याळ?” “सगळ्यांची. अख्ख्या देशाची.”

सबंध नोकरीत त्यांनी म्हशी ऐकल्या होत्या, वराती ऐकल्या होत्या. एकाने तर पुलावर हत्ती बसल्याचंही सांगितलं होतं म्हणे. पण आपल्या उशिरासाठी संपूर्ण देशाचं घड्याळ मागे नेणारा ड्रायव्हर त्यांच्या खिडकीशी आजवर आलेला नव्हता. बाबांनी खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “पंक्चर परवडलं,” आणि फोन ठेवला.

जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे खरं कारण होतं, आणि ठेवायला जागा नव्हती. मी खाली गेलो. ट्रूस भिंतीवरच्या त्या घड्याळाखाली बसून पाव खात होती. मी तिला विचारलं, “काल तू काय म्हणाली होतीस?” तिने घास गिळून सांगितलं, “म्हटलं, उद्या भारतात फोन करताना लक्षात ठेव.” मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. मी विचारलं, डबा न्यायचा आहे का. ती म्हणाली, आज रविवार आहे.

तो आठवडा मी कुणाशी बोललो नाही. आईला फोन करावासा वाटत होता, पण मध्येच केला असता तर तीही एक सबबच झाली असती. ठरलं होतं रविवार, तर रविवार. फक्त आता इकडच्या आठला. शनिवारी संध्याकाळी कागदावर तीनदा हिशेब करून बघितला. रविवारी आठला पाच कमी असताना मी अंघोळ करून, भांग पाडून फोनसमोर बसलो होतो, जणू ते मला बघणार होते.

बाबांनीच उचलला. “साडेबारा,” ते म्हणाले. मग जरा घसा खाकरला. “खालच्या जोशींचा जावई लंडनला असतो. त्याला फोन लावायला लावला. तो म्हणाला, तिकडेही बदलतात. खरं आहे तुझं.” मी हिशेबाचा कागद उलटा करून ठेवला. “मी तुला लागेल असं बोललो,” ते म्हणाले, “ते चुकलं.” बाबा कुणाला चुकलं म्हणाले, हे मी तोवर ऐकलेलं नव्हतं. मागे कुकरची शिट्टी झाली. मला कळत होतं, हाच तो क्षण. आत्ता म्हणावं, “मग बाबा, आता तरी ऐका,” की काम झालं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. “बाबा, मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. घरमालकिणीने. दोन दोन भाषांत. मी स्टूल धरून तिथेच उभा होतो. लक्ष दिलं नाही.”

कुकरची दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. सात रविवार गेले, आणि आई बाकावर एकटी बसण्याचीही वेळ यायची नाही, कारण हा माणूस आता हॉस्पिटलची पायरीच चढणार नाही. बाबा म्हणाले, “हे सांगायची काय गरज होती? मी तर पुसून टाकलं होतं.” “माहीत नाही,” मी म्हणालो. ते खरंच मला माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, “नाताळात तिकीट मिळतं का?” मी ‘हो, येतो’ म्हणणार होतो. जीभ उचललीही होती. ती खाली ठेवली आणि म्हणालो, “बघावं लागेल. हातात आलं की सांगतो.” “हं,” बाबा म्हणाले. “तू तारीख सांग. मग तुझी आई डॉक्टरांना कळवेल.” आणि पलीकडे वळून म्हणाले, “वाढ गं.”

तिकीट बुधवारी मिळालं. मी फोन रविवारी साडेबारालाच केला.

डिसेंबरात घरी पोचलो तेव्हा सकाळचे पावणेदहा झाले होते; साडेनऊ सांगितले होते. बाबा दारातच उभे होते, पूर्वीपेक्षा बारीक झालेले, शर्ट खांद्यावरून उतरलेला. “पंधरा मिनिटं,” ते म्हणाले. मी म्हणालो, “विमान वेळेवर होतं. मी चहाला थांबलो.” ते हसले, आणि आई रडायला लागली. ते अंघोळीला गेल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागची पानं उलटली. ऑक्टोबरच्या शेवटच्या चौकोनात लाल शाईने ‘१.३०’ लिहिलेलं होतं. त्याखाली निळ्यात, ‘चालकाची चूक नाही’. त्यातला ‘नाही’ खोडलेला. आणि शेजारी, जागा उरली नव्हती म्हणून उभं लिहिलेलं: ‘स्वतः सांगितलं’.

ऑपरेशनच्या दिवशी आई आणि मी बाकावर सहा तास बसलो. बाबा त्यानंतर बारा वर्षं जगले. मी आता त्याच देशात, अ‍ॅमस्टेलव्हीनला असतो. माझी मुलगी ईरा माझं मराठी सगळं समजते आणि इंग्रजीत उत्तर देते; मी “पाच मिनिटांत आलो” म्हणालो की विचारते, “बाबा, रिअल फाइव्ह मिनिट्स?” म्हणजे मी पूर्ण सुधारलो असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. ट्रूसला जाऊनही बरीच वर्षं झाली. घरातली घड्याळं आता आपापली बदलतात. फक्त स्वयंपाकघरातलं एक मी मुद्दाम किल्लीचं ठेवलं आहे, त्या शनिवारी त्यासाठी स्टूलवर चढतो. धरायला कुणाला बोलावत नाही.

आई पुण्यात एकटी असते. तिला मी विचारलं होतं, “आता तुला कोणती वेळ सोयीची?” ती म्हणाली, “मला कसली वेळ रे, कधीही कर.” पण कधीही म्हणजे नेमकं कधी, हे मला कळत नाही. म्हणून रविवारी साडेबाराला करतो. ती पहिल्याच रिंगला उचलते, आणि काही न बोलता थोडा वेळ थांबते. मला माहीत असतं, ती घड्याळाकडे बघते आहे.